काच आणि काकडी

बाइंडिंगखान्यात सकाळचे दहा वाजून गेले होते आणि एकही यंत्र चालू नव्हतं. शिलाईवाले, घडीवाले, पुठ्ठेवाले, सगळे काम टाकून कटिंगच्या मोठ्या टेबलाभोवती गोळा झाले होते. मागचे कागदाच्या गठ्ठ्यांवर चढून माना उंचावत होते. टेबलावर होती एक काळी काच, वहीएवढी. बटण नाही, खटका नाही, वायरसुद्धा नाही.

"बघा, नीट बघा!" काचेचा धनी म्हणाला. हे गृहस्थ स्वतःला सत्यदर्शी म्हणवून घेत. अंगात राखाडी सूट, केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरून पडावी, आणि तोंड एकदा सुरू झालं की मध्ये स्वल्पविराम नाही. त्यांनी काचेवर लाकडी पट्टी ठेवली. काच गप्प. पुस्तक ठेवलं. गप्प. प्लॅस्टिकचं पेन टेकवलं. गप्प. "निर्जीव वस्तूला मन नाही, मन नाही तर कंपन नाही, आणि कंपनाशिवाय काच बोलत नाही! आता माणूस बघा!" त्यांनी आपलं बोट हलकेच टेकवलं. काचेच्या पोटात हिरवा उजेड पडला आणि गोड आवाज आला. टिंग!

"अगं बाई!" घडीवाल्या बायका एकदमच म्हणाल्या.

"खरं मन, खरं कंपन! ज्याच्या पोटात चोरी, त्याचं कंपन आतल्या आत जिरतं. परदेशातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी या काचेपुढे हात टेकलेत!" कुठल्या प्रयोगशाळांनी, हे कुणी विचारलं नाही. एवढ्या सुटाला कोण विचारणार!

गर्दीच्या कडेला मावशी उभी होती आणि तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. गोंदकामावर तिची बावीस वर्षं गेली होती. तिकडे डब्यात गोंद सुकत होता, ब्रश कडक होत होता, आणि इकडे हे नाटक. पण नाटकाला कारण होतं. मुखपृष्ठावर सोनेरी नावं उठवायची पितळी अक्षरांची पेटी चार दिवसांपासून गायब होती. तशी अक्षरं घडवणारा कारागीर आता शोधून सापडत नाही. मालक चार दिवस प्रत्येकाकडे संशयानं बघत होते आणि पाचव्या दिवशी त्यांनी सत्यदर्शींना आणून उभं केलं.

एकेक जण पुढे आला. टिंग. टिंग. कागद कापणारा कटिंगदादा, एवढा आडदांड माणूस, पण टिंग झाल्यावर असा हसला की जणू परीक्षेत पहिला आला. मग मावशीची पाळी आली. तिनं बोट टेकवलं.

काहीच नाही.

"पुन्हा," सत्यदर्शी म्हणाले. तिनं पुन्हा टेकवलं, मग सगळा जोर लावून दाबलं, नख पांढरं पडेस्तोवर. काच मख्ख. "दाबा, दाबा! डोंगर ठेवला तरी काच बधणार नाही. तिला जोर नको, सत्य हवंय!"

मागची कुजबुज थांबली, आणि कुजबुज थांबणं त्या कुजबुजीपेक्षा वाईट होतं. रोज जिच्याशेजारी बसून जेवायचा, तिच्या डब्याजवळून कटिंगदादानं आपला डबा उचलला आणि लांबच्या खिडकीत नेऊन ठेवला.

"मावशी, मला वाईट वाटतंय," मालक म्हणाले. "पण काचेचं तुमच्याशी काय वैर?"

"उद्यापर्यंत मुदत," सत्यदर्शी उदार होऊन म्हणाले. "पेटी आणून ठेवा, नाहीतर पुन्हा बोट टेकवा. रजेवरची ती दुसरी गोंदवाली उद्या येतेय ना? तिलाही तपासू."

"आणि काच उद्याही गप्प राहिली तर परवापासून येऊ नका," मालक म्हणाले. हे म्हणताना त्यांनी मावशीकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर मावशीचं कशात म्हणून लक्ष लागेना. एकच फळी तिनं तीनदा पुसली. चहा टाकला आणि उतू घालवला. शेवटी स्वतःची पिशवी जमिनीवर उपडी केली, कुणास ठाऊक, चुकून आपल्याच हातून पेटी आली असेल! रुमाल, किल्ली, चष्म्याचं घर. पेटी कुठली असणार! पण चोर ठरवलेल्या माणसाला स्वतःचीच झडती घ्यावीशी वाटते, ती अशी.

थोरली नणंद तिच्याकडेच राहायची. शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी आल्यावरही शिकवणं थांबवायची नाही. ती टेबलाशी काकडी चिरत बसली होती. सगळं ऐकून तिचं नाक रागानं लाल झालं होतं. तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. मावशीनं बोट दुमडलं आणि बोटाच्या पेराच्या मागच्या बाजूनं फोन उचलला. पलीकडून छोटी बोलत होती, तीच रजेवरची गोंदवाली. "मावशी, उद्या माझंही बोट बघणार म्हणे. माझ्या हातून काच नाही बोलली तर?" रडतच होती पोर. मावशीनं काहीतरी समजूत घातली आणि फोन ठेवला.

"फोन असा उलट्या बोटानं का उचललास गं?" नणंदेनं विचारलं.

"सरळ बोट ओळखतोच कुठे तो! आम्हा गोंदवाल्यांचं नेहमीचंच आहे, वन्सं. छोटी तर नाकानं उचलते."

नणंदेची सुरी थांबली. "इकडे ये. शेगडी चालू कर. बोटानं."

इंडक्शनच्या शेगडीला वरून सपाट काच होती. मावशीनं बोट टेकवलं. काही नाही. "रोज ओल्या हातानंच लावते मी," ती पुटपुटली आणि बोलता बोलता थांबली. नळाखाली बोट धरलं, टेकवलं. टीं! शेगडी लागली.

"वन्सं!"

"अगं, दारावरची बेल जोर ओळखते, म्हणून ती काठीनं दाबली तरी वाजते. ही काच जोर मोजतच नाही. काचेखाली धातूची पट्टी असते, तिच्यात इवलीशी वीज खेळवलेली असते. माणसाचं अंग म्हणजे खारं पाणी. ते जवळ आलं की थोडी वीज तिकडे ओढली जाते, आणि यंत्राला कळतं, कुणीतरी आलं. तुझ्या बोटावर बावीस वर्षांचा गोंद आणि मेलेली कातडी. दिवसभर कागद हाताळून उरलीसुरली ओलही जाते. बोटातलं पाणी काचेपासून लांब राहतं. यंत्राला तू दिसतच नाहीस!" एवढं बोलून नणंदेनं हातातली अर्धी काकडी शेगडीवर टेकवली. टीं! "बघ, हिलाही मन आहे."

मावशी हसता हसता रडायला लागली. "म्हणजे मी चोर नाही?"

"हे तुला शेगडीनं सांगायला हवं होतं का?" नणंद फटकन म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "उद्या आत जाण्याआधी हात ओला कर. टिंग होईल, सुटशील."

सुटेन, मावशीला वाटलं, आणि क्षणभर तिला खरंच बरं वाटलं. मग ती पुन्हा उठली, खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. "मी सुटेन हो. आणि छोटी? तिलाही ओला हात करायला सांगेन. पण त्यानंतरचं काय? पुन्हा काही हरवलं की पुन्हा हीच काच येणार. ज्याला युक्ती माहीत तो साव, नाही तो चोर." ती टेबलाशी आली आणि एक अख्खी काकडी उचलून तिनं पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होती. शेजारच्या छापखान्यातलेही आले होते. दुसऱ्याची फजिती बघायला कुणाला वेळ नसतो! मावशीनं आधी कोरडं बोट टेकवलं. काच गप्प. "अरेरे," सत्यदर्शी म्हणाले, पण चेहऱ्यावर अरेरे नव्हतं. मावशीनं पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेकवलं. टिंग!

सगळे चकित. सत्यदर्शी मात्र तयार गडी. "पश्चात्ताप! बाईंचं मन रात्रीत पालटलं, ते काचेनं ओळखलं!"

"रात्रीत कशाला, आत्ता पालटते." तिनं बोट पदराला खसाखसा पुसलं, मिनिटभर पंख्याखाली धरलं, टेकवलं. गप्प. बुडवलं. टिंग. पुसून वाळवलं. गप्प. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मग मावशीनं काकडी काढली, तिचं टोक मोडलं आणि मोडलेली बाजू काचेवर टेकवली.

टिंग!

"घ्या. हिनं पेटी चोरली नाही, हे सिद्ध झालं. आता हिचं मन, हिचं कंपन, जरा समजावून सांगा."

हशा असा उसळला की सत्यदर्शींचं उत्तर कुणाला ऐकूच आलं नाही. मावशी मात्र हसत नव्हती. जाड पुठ्ठा शिवताना बोटात घालायची चामडी टोपी तिनं मालकांपुढे धरली. "मालक, एवढी घाला आणि बोट टेकवा."

मालकांनी टेकवलं. काच गप्प. त्यांनी दाबलं. गप्प.

"स्वतःचीच पेटी चोरलीत?"

"झाकलेलं बोट चालणार नाही!" सत्यदर्शी ओरडले.

"माझंही झाकलेलंच आहे! गोंदानं आणि मेल्या कातडीनं. तुमची टोपी निघते, माझी निघत नाही, एवढाच फरक." तिचा आवाज चिरकला. "बावीस वर्षं तुमची पुस्तकं चिकटवून माझं बोट असं झालं, आणि त्याच बोटावरून तुम्ही मला चोर ठरवलंत!"

कटिंगदादानं पुढे होऊन काच उलटी केली. खाली बॅटरी, धातूच्या दोन पट्ट्या, हिरवा दिवा आणि एवढीशी घंटी. वरून जेवढी अद्भुत, खालून तेवढीच साधी. ते बघून झाल्यावर लोकांनी सत्यदर्शींना शोधलं, तर सूट जिन्यापर्यंत पोचलासुद्धा होता.

"चला, काचेनंच तुम्हाला निर्दोष ठरवलं, मावशी," मालक ओशाळून म्हणाले.

"नाही! त्या काचेचा कालचा निकाल खोटा, तर आजचाही मला नको. तुम्ही बोला."

मालकांनी चामडी टोपी बोटातून काढली. "चुकलो," ते शेवटी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कपाटाची किल्ली कुणाकुणाकडे होती, पेटी शेवटची कुणी वापरली, एकेकाला बसवून विचारायला हवं होतं. ते जिवावर आलं. कुणाशी वाईटपणा नको, म्हणून काच आणली."

"मग पेटी नेली कुणी?" छापखान्यातल्या एकानं विचारलं.

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं आणि शोधावं. त्यात लाज कसली? माहीत नसताना एखाद्याचं नाव घेणं, ती लाज."

कटिंगदादा तिच्या नजरेला नजर देईना. दाराशी छोटी उभी होती. आल्यापासून तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले होते. ती भीत भीत पुढे आली. "मावशी, मी कुठलं बोट लावू?"

"कुठलंच नाही," मावशी म्हणाली. "यांना जे विचारायचंय ते तोंडानं विचारतील, आणि तू तोंडानं सांगशील."