बादलीने पसंत केलेले घर

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. लगेच नाक मुरडू नका. माझ्या बुडाला ठिगळ आहे, कडी वाकडी झाली आहे आणि एका बाजूला चांगला मुठीएवढा पोचा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण आज मी ज्या घरात राहते ते घर माझ्यावाचून ठरलेच नसते. घरातली माणसेही हे कबूल करतात, म्हणून तर सांगायचे धाडस करते आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्रा कापला, वाकवला, ठोकून ठोकून गोल केला आणि वितळलेल्या जस्तात बुचकळून काढला. बाहेर आले तेव्हा मी अशी चकाकत होते की दुकानदाराने मला दर्शनी भागात टांगले. तिथे एक दिवस नर्सबाई आल्या. नवा संसार मांडायचा होता. त्यांनी मला बोटांनी वाजवून पाहिले, दुकानाच्या नळावर काठोकाठ भरले आणि मी कुठे गळते का ते पाहत उभ्या राहिल्या. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाई, बादली घेताय की घोडा?" नर्सबाई हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. खात्री पटल्याशिवाय कशालाही हो म्हणायचे नाही, हा त्यांचा स्वभाव मी पहिल्याच दिवशी ओळखला.

त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. भाड्याच्या दोन खोल्या होत्या, त्याही अगदी वरच्या मजल्यावर. नळाला पाणी यायचे ते सुतासारखे, आणि तेही त्याच्या मर्जीने. नर्सबाई ड्युटीवरून दमून यायच्या आणि आंघोळीसाठी मी भरायची वाट बघत बसल्या बसल्या पेंगायच्या. यजमान म्हणायचे की घड्याळजीच्या घरातली वेळ घड्याळावर चालत नाही, नळावर चालते. पुढे छकुली झाली. तिची पहिली आंघोळ माझ्याच पाण्याने झाली. त्या दिवसांत माझा थाट काय सांगू! घरात माझ्याशिवाय पान हलत नव्हते.

मग एके दिवशी घरमालक वर आले. मुलाचे लग्न ठरले होते, त्यांना खोल्या हव्या होत्या. छकुलीच्या शाळेला सुट्टी लागली की जागा सोडा, असे ते गोड बोलून पण ठामपणे सांगून गेले. आता पुन्हा भाड्याचे घर नको, स्वतःचेच घ्यायचे, असे नवरा-बायकोने ठरवले. एक एजंट गाठला. हसरा गृहस्थ, पायात पांढरेशुभ्र बूट. प्रत्येक घरात तो खिडकीतला देखावा दाखवी, भिंतीतली कपाटे उघडून दाखवी. नर्सबाई मात्र मला घेऊन थेट न्हाणीघरात शिरत.

हो, मला घेऊन! स्कूटरवर पुढे छकुली उभी, मागे नर्सबाई आणि त्यांच्या मांडीवर मी. दूध विकायला निघालात का, असे लोक विचारत. नवे घर आले की नर्सबाई मला नळाखाली लावून पाण्याचा जोर बघत. मग तेच पाणी फरशीवर ओतून, उकिडव्या बसून, ते कुठे जाते ते बघत. एका घरात ते मोरीकडे न जाता कोपऱ्यात साचून राहिले. दुसऱ्या घरात खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडत वर आले. एजंट माझ्याकडे असा बघायचा की मी त्याचे मागच्या जन्मीचे वैर काढते आहे.

एक घर मात्र सगळ्यांच्या मनात भरले. नळाला धो धो पाणी, उतार चोख. दुसऱ्या दिवशी बयाणा द्यायचेही ठरले. पण घरी आल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "इतकं चांगलं कसं? कुठेतरी पाणी मुरतंय." पडद्यांची मापे घेण्याच्या निमित्ताने संध्याकाळी न सांगता त्या पुन्हा तिथे गेल्या. मी हातात होतेच. नळ सोडला तर तो खोकला, थोडे तांबडे पाणी टाकले आणि गप्प झाला. वॉचमनने सांगितले की सकाळी मुद्दाम टँकर बोलावून टाकी भरली होती.

त्या दिवसापासून नर्सबाईंचा सगळ्यावरचा विश्वास उडाला. चांगले घर दिसले तर ते चांगले का दिसते आहे, याचीच त्यांना काळजी वाटे. घरामागून घरे नापसंत होत गेली आणि सुट्टी जवळ येऊ लागली. कधी आवाज न चढवणारे यजमान एकदा वैतागून म्हणाले, "अगं, घर आपल्याला घ्यायचंय, बादलीला नाही."

त्या दुपारी नर्सबाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला होता, पण मी नळाखालीच होते. आयुष्यभराची कमाई एकदाच एका जागी घालायची आणि तीही चुकीच्या जागी पडली तर, ही भीती त्यांना पोखरत होती. मला त्यांची फार दया आली. बाहेर येऊन त्यांनी यजमानांना वचन दिले की पुढच्या घरात पाणी ओतणार नाही.

पुढचे घर एका निवृत्त मास्तरीणबाईंचे होते. त्यांचे यजमानही मास्तर होते, ते आता राहिले नव्हते. गुडघे साथ देईनात, म्हणून त्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. सवयीने मी स्कूटरवरून आलेच होते. पण नर्सबाईंनी मला उंबऱ्याबाहेर चपलांच्या शेजारी ठेवले. अपमान मुकाट्याने गिळून मी आतले ऐकत राहिले. यजमानांना खिडकी आवडली, तिच्यापाशी कामाचे टेबल छान बसेल असे ते म्हणाले. छकुलीने तर स्वतःचा कोपराही धरला. नर्सबाईंची पावले तेवढी न्हाणीघरापर्यंत जाऊन मागे फिरत होती.

इतक्यात मास्तरीणबाई दाराशी आल्या आणि त्यांना मी दिसले.

"ही बादली कोणाची?"

यजमान चाचरत म्हणाले, "आमचीच. चुकून आली."

छकुलीला कुठे राहवणार! "आई प्रत्येक घरात पाणी ओतून बघते. आज नाही ओतणार. बाबांना वचन दिलंय."

मास्तरीणबाईंनी मला उचलले आणि नर्सबाईंच्या हातात दिले. "मग मोडा ते वचन. आणि पुढच्या न्हाणीघरात नको, आतल्यात ओता."

आजी, त्याची काही गरज नाही, असे एजंट घाईघाईने म्हणाला, पण त्याचे कोण ऐकतो? मी भरले ते भराभर भरले. नर्सबाईंनी पाणी ओतले. ते मोरीच्या जाळीपर्यंत गेले, तिथे जरा थबकले, मागे वळले आणि दाराखालून थेट खोलीत शिरले. खोलीत एजंट उभा होता. पाणी त्याच्या पांढऱ्या बुटांत गेले.

माझ्या तर तोंडचे पाणी पळाले. हेही घर मी घालवले, असे मला वाटले.

मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "घर बांधलं तेव्हाच गवंड्यानं उतार उलटा दिला. तुम्ही पुढचं बघून खूश होऊन गेला असता आणि मी गेल्यावर या पोरीचा पाय घसरला असता. तसं नको होतं मला."

"मग दुरुस्त का नाही करून घेतलं?" नर्सबाईंनी विचारले.

"दर वर्षी ठरायचं. मास्तर पाणी ओढायचे, मी पुसायची. तेवढ्यात आमचं दिवसभराचं बोलून व्हायचं. मग राहूनच गेलं."

नर्सबाईंनी बाह्या सरसावल्या, कोपऱ्यातले फडके घेतले आणि गुडघ्यांवर बसून खोली पुसायला लागल्या. फडके माझ्यात पिळायचे आणि पुन्हा पुसायचे. एजंट ओले बूट हातात धरून किमतीबद्दल काहीतरी सुचवू पाहत होता. फरशी कोरडी झाल्यावर नर्सबाई उठल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "इथं काय बिघडलंय ते आपल्याला माहीत आहे. मला चालेल हे घर."

कितीतरी दिवसांनी मी त्यांचा चेहरा असा मोकळा पाहिला. मलाही भरून आले.

पुढे बँकेच्या चकरा झाल्या, सह्या झाल्या, शिक्के झाले. वकिलाने जुने कागद असे उलटेपालटे करून तपासले की मला तो आपल्याच धंद्यातला वाटला. सुट्टी लागायच्या आत सामान हलले, आणि नव्या घरात सर्वांत आधी मला नेले.

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस पालटले. इथे नळाला भरपूर पाणी होते, त्यामुळे माझी वाट कोण बघणार? एक लाल प्लास्टिकची बादली आली आणि माझ्या वाट्याला फरशीचे फडके आले. थोडे वाईट वाटले, खोटे का सांगू? पण रोज नर्सबाई आतली खोली पुसायच्या, यजमान पाणी ओढायचे आणि दोघांच्या गप्पा चालायच्या. त्या गप्पांच्या मध्यभागी मी असे. शेवटी चांगला गवंडी मिळाला आणि त्याने उतार नीट करून दिला.

मग एकदा मास्तरीणबाई भेटायला आल्या. चहा व्हायच्या आधीच त्यांनी विचारले, "ती बादली आहे ना अजून?" मला शोधून आणले. नर्सबाईंनी मला भरले आणि दोघींनी मिळून पाणी ओतले. ते सरळ मोरीकडे गेले आणि गपगुमान जाळीत उतरले. शेवटचा थेंब जाईपर्यंत मास्तरीणबाई बघत राहिल्या.

"मास्तरांनी बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारले, "आणि तुमचं बोलणं? ते कधी होतं आता?"

नर्सबाई त्यांना गॅलरीत घेऊन गेल्या. मला तिथे पालथी घातली आणि म्हणाल्या, "इथं. रोज संध्याकाळी ते स्टुलावर बसतात आणि मी हिच्यावर."

मित्रांनो, घर देताना त्याचे दुखणे घेणाऱ्याला आधी सांगा. लपवलेले पाणी आज ना उद्या दाराखालून बाहेर येतेच. आणि तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी ठिगळाची बादली असेल, तर तिला भंगारात घालायची घाई करू नका. मला आता पाणी भरायचे नसते. संध्याकाळ झाली की नर्सबाई येऊन बसतात, माझा पत्रा जरासा कुरकुरतो आणि समोर स्टूल सरकल्याचा आवाज येतो.