जळजळ: नाही

डॉक्टरांनी कागदावर एक पोट काढलं, त्यात वरून खाली एक वाकडी रेघ ओढली आणि कागद मास्तरीणबाईंच्या नवऱ्यापुढे सरकवला.

“रेघेच्या या बाजूचं सगळं आपण काढून टाकतो. यांच्या पोटाची उरते एक नळी, शर्टाच्या बाहीसारखी. म्हणून या ऑपरेशनला स्लीव्ह म्हणतात.”

“बाही!” नवऱ्याला गंमत वाटली. “वा, म्हणजे घरातलाच विषय की!”

पोट मास्तरीणबाईंचं, कागद नवऱ्यापुढे. आल्यापासून वीस मिनिटं हेच चाललं होतं. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड होते, पण बोलायचे ते ‘यांना’, ‘यांचं’, ‘यांच्या’, आणि तेही नवऱ्याकडे बघून. जणू बाईंना बाहेर बसवून नुसतं त्यांचं वजन आत आणलं होतं. त्यात ती खुर्ची! एकशे अठरा किलोच्या माणसाला वजन कमी करायला बोलावतात आणि बसायला देतात हातांची खुर्ची, तीही काटकुळ्या माणसाच्या मापाची. दोन्हीकडून लाकूड मांड्यांत रुतत होतं. उठायला जावं तर खुर्चीही बरोबर उठेल, अशी धास्ती.

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात बाई बावीस वर्षं कापड कापायच्या टेबलाशी उभ्या होत्या. कापणाऱ्याला तिथे मास्तर म्हणायची पद्धत. कापायला बाई आली तेव्हा मंडळींनी मास्तरीणबाई करून टाकलं, आणि मग सगळीकडे तेच नाव पडलं. आता गुडघे उभं राहू देत नव्हते आणि साखर गोळ्यांना जुमानत नव्हती. ऑपरेशन करून घ्यायचं हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. कोणतं करायचं, हे मात्र बाकी सगळे ठरवत होते.

“दुसरं म्हणजे बायपास,” डॉक्टर म्हणाले. “त्यात वरचं छोटंसं पोट वेगळं करतो आणि आतडं थेट त्याला जोडतो. जरा मोठं काम आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या दोन्हीत लागतात, पण यात जास्त सांभाळावं लागतं.”

“नकोच ते,” वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी हीच बाही करून त्या पस्तीस किलोंनी उतरल्या होत्या, आणि तेव्हापासून पोट या विषयावर घरात त्यांचाच शब्द शेवटचा. आजही त्या ‘अनुभवी’ म्हणून सोबत आल्या होत्या. “माझं बघा की. एक घाव दोन तुकडे! आतड्यांचं ते लांबण लावायचं कशाला?”

“मीही तेच म्हणतो,” नवरा म्हणाला.

“वहिनी, तुम्ही आपलं डोळे मिटून हो म्हणा.”

डोळे मिटून! बावीस वर्षांत त्यांनी डोळे मिटून साधा रुमाल कापला नव्हता. बाईंनी हात लांब केला आणि नवऱ्याच्या बोटांखालून तो कागद ओढून घेतला. डॉक्टरांची रेघ त्यांनी वरपासून खालपर्यंत निरखून पाहिली.

“माया किती ठेवता?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. “माया?”

“अगं, काय विचारतेस त्यांना?” नवरा ओशाळून हसला. “डॉक्टर सगळ्याच पेशंटवर माया करतात.”

वन्सं खुदकन हसल्या. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “उद्या माणूस अंगाने भरला, माप चुकलं, तर उसवून सैल करता येतं. तुम्ही कापल्यावर आत काय राहतं?”

“यात माया नाही,” डॉक्टर म्हणाले. ते आता हसत नव्हते. “कापलेला भाग बाहेर काढतो. परत बसवता येत नाही.”

“आणि बायपासात?”

“त्यात काही काढून टाकत नाही, उरलेलं पोट आतच राहतं. पण म्हणून ते सहज उसवता येईल असं समजू नका. दोन्ही कायमचीच धरून चालायचं.”

“बरं, धरलं. मग कुणाला कुठलं करायचं, हे कशावरून ठरवता? माप कसलं घेता?”

एवढा साधा प्रश्न वीस मिनिटांत कुणाला सुचला नव्हता. डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. साखर किती आहे, वजन किती आहे, आधी काही ऑपरेशन झालंय का. “आणि मुख्य म्हणजे जळजळ. जेवल्यावर किंवा आडवं पडल्यावर आंबट पाणी घशाशी येत असेल, तर बाही करायला मी कचरतो. त्या त्रासात ती भर घालू शकते. बायपासने तो बहुतेकदा कमी होतो. पण तुम्हाला तो त्रासच नाही.”

“नाही असं कोण म्हणतं?”

“तुमचा फॉर्म.”

डॉक्टरांनी फॉर्म फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. डाव्या बाजूला दुखणी छापलेली, उजव्या बाजूला रांगेने नवऱ्याचं मोत्यासारखं अक्षर. धाप: नाही. चक्कर: नाही. पोटदुखी: नाही. जळजळ: नाही. झोपमोड: नाही. आणि सगळ्यात वर, व्यवसाय: घरकाम.

तळपायाची आग मस्तकात गेली.

“घरकाम?”

“अगं, नोकरी लिहिली की पुढे पत्ता, हुद्दा, साहेबांचं नाव, सगळंच आलं.” नवरा तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज तपासत होता. तिथे एकच शास्त्र चालायचं: ‘हो’ लिहिलं की पुरावा मागतात, ‘नाही’ लिहिलं की फाईल पुढे सरकते. त्याने भरलेला फॉर्म आजवर कुठून परत आला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

“आणि जळजळ?”

“थोडीफार कुणाला नसते? तेवढ्यासाठी अजून चार तपासण्या मागे लावल्या असत्या. तुझ्याच सोयीसाठी केलं ना मी.”

“माझ्या सोयीसाठी!” बाईंचा आवाज इतका चढला की बाहेरची नर्स आत डोकावली. “ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे तर खरोखरच जळतंय, आणि जळतंय माझं, आणि उत्तरं लिहितंय कोण! अहो, शाळेतल्या पोराची चड्डी कापायची तरी आम्ही त्या पोराला उभं करून माप घेतो. त्याच्या बापाचं नाही घेत!”

नवऱ्याने चष्मा काढून पुसला.

“कोरा फॉर्म आहे का हो?” बाईंनी नर्सला विचारलं.

फॉर्म आला. बाई दोन्ही हातांनी रेटा देऊन त्या मेल्या खुर्चीतून सुटल्या आणि टेबलाशी उभ्या राहून लिहू लागल्या. गुडघे ठणकत होते, तरी बसल्या नाहीत. व्यवसाय: मुख्य कटर, बावीस वर्षं. जळजळीच्या पुढची चौकट पुरेना, म्हणून त्यांनी कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं, आणि तीही भरल्यावर पान उलटलं.

नवरा शेजारी येऊन वाचू लागला. सवयीप्रमाणे तो प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत होता. एका ओळीवर बोट अडलं.

“‘आंबट पाण्याने ठसका लागून जाग येते, आठवड्यातून चारदा.’ हे कधीपासून?”

“धाकटी झाली तेव्हापासून.”

धाकटी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

“मग मला सांगायचं तरी.”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, अजून एक उशी घे.”

नवऱ्याने बोट उचलून घेतलं. पुढचं त्याने वाचलं नाही.

डॉक्टरांनी मात्र सगळं वाचलं, आणि या खेपेला नवऱ्याकडे न बघता बोलले. “बाई, आधी दुर्बीण घालून आतून बघू. पण हे असं असेल तर बाही मी करणार नाही. माझं मत बायपास.”

“माझंही.”

“गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. चुकवून चालणार नाही.”

“घेईन. गिळायच्या मलाच आहेत.”

बाहेर आल्यावर नवरा तपासणीची वेळ घ्यायला खिडकीशी गेला. वन्सं भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. कोरा फॉर्म आल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, आणि वन्संना इतका वेळ गप्प कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. अजून राग शमला नव्हता. एक घाव दोन तुकडे काय, डोळे मिटून काय! आता चार शब्द ऐकवायचेच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

“वहिनी,” वन्सं खाली बघत म्हणाल्या, “उशा किती घेता हो तुम्ही?”

“तीन. का?”

“मी दोन वर्षं खुर्चीत झोपते.”

बाईंनी मान वळवली.

“आधीही यायचं ते पाणी, पण कधीमधी. आता पडवतच नाही.” वन्संनी गळ्याशी हात नेला. “जो तो म्हणतो, किती छान बारीक झालीस. मग मी रडू कुठल्या तोंडाने?”

बाईंनी जुळवून ठेवलेले चारही शब्द गिळले.

“तुमचा फॉर्म कुणी भरला होता?”

वन्संनी नुसतं खिडकीकडे पाहिलं. तिथे त्यांचा दादा वाकून, जीभ दाताखाली धरून, सुवाच्य अक्षरात काहीतरी लिहीत होता.

मास्तरीणबाई उठल्या, डॉक्टरांचं दार न ठोठावताच उघडलं आणि म्हणाल्या, “अजून एक कोरा फॉर्म द्या.”