डिंकबाईंची पट्टी

"भाऊ, यातली आपली कुठली?"

डिंकबाईंनी डबा सहायकापुढे सरकवला. आत दोन प्रकारच्या पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या, पण दिसायला अगदी एकसारख्या. काहींच्या पाठीवर चार आकडा, काहींच्या नऊ. सहायकाने वाकून पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

"ते मला कसं कळणार, बाई?" तो म्हणाला. "मला कळलं तर तो प्रयोग कसला?"

आता याला काय बोलायचं! शिस्त बाईंचीच होती. तपासणाऱ्याला आपली पट्टी कुठली आणि बाजारातली कुठली हे कळता कामा नये, नाहीतर मन आपल्याच मालाकडे झुकतं, हे त्यांनी त्याला घोकून घोकून शिकवलं होतं. म्हणून तो तिसऱ्याच कुणाकडून पट्ट्यांवर नुसते आकडे टाकून घ्यायचा आणि कुठला आकडा कुणाचा तो कागद न बघताच कपाटात बंद करायचा. निघतानाही त्याने सवयीने तोच डबा उचलला होता. कपाट रात्रभराच्या प्रवासापलीकडे राहिलं आणि चावी मात्र त्याच्या खिशात होती.

"पुढचे कोण?" दारातून कुणीतरी हाक मारली.

विद्यापीठात त्यांना सगळे डिंकबाई म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. सगळा जन्म चिकट पदार्थ ढवळण्यात गेला, मग लोक अत्तरबाई थोडंच म्हणणार? आईच्या शेवटच्या आजारपणात तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. जखमेवरची पट्टी काढली की पट्टीबरोबर कातडीही यायची, आणि आई ओरडायचीसुद्धा नाही, नुसती बाईंचा हात घट्ट धरायची. आई गेली आणि बाई कामाला लागल्या. घट्ट बसेल पण निघताना कातडीला दुखवणार नाही, असा डिंक त्यांनी शेवटी बनवला.

खरी रखडपट्टी त्यानंतर सुरू झाली. संशोधनाला पैसे देणारे म्हणाले, हे आता संशोधन राहिलं नाही, हा धंदा झाला. कंपन्या म्हणाल्या, हा अजून धंदा कुठे झालाय, हे तर संशोधनच आहे, तयार माल घेऊन या. या दोघांच्या मधल्या खड्ड्यात पडलेल्यांना हात देणारा एकच निधी होता, आणि त्याची आज मुलाखत होती. आज नकार आला तर बाईंची प्रयोगाची खोली दुसऱ्या विभागाला जाणार होती आणि डिंक छापील पानांतच वाळून जाणार होता.

आत लांब टेबलामागे समिती बसली होती. बाईंनी सगळं नीट सांगितलं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "छान. आता दाखवा बघू तुमची पट्टी."

बाईंनी डबा टेबलावर ठेवला. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलंच, पण जीभ वळेना.

"यातल्या निम्म्या आमच्या आणि निम्म्या बाजारातल्या आहेत," त्या म्हणाल्या. "कुठल्या कुणाच्या, ते मला माहीत नाही."

"अहो, तुम्हालाच तुमचा माल ओळखता येत नाही?"

समिती हसली. बाईंच्या कानशिलांना आग लागली. "चूक झाली. आकड्यांचा डबा सवयीने आला. बघून नाही ओळखता येणार, पण ओढून ओळखता येईल."

"मग ओढा की."

"माझ्या हातावर उपयोग नाही. इतकी वर्षं पट्ट्या ओढून त्यावर एक केस शिल्लक नाही."

आता मात्र सगळे मोकळेपणाने हसले. टोकाला बसलेले एक धिप्पाड कारखानदार बाही सारत उठले. हात कसला, घोंगडीच होती. "घ्या," ते म्हणाले. "घरचे या केसांना वैतागलेच आहेत."

"निरोगी कातडीवर लावायची परवानगी आहे आम्हाला," बाई म्हणाल्या. त्यांनी एक चारची आणि एक नऊची पट्टी लावली, अंगठ्याने दाबली आणि थोडं थांबून चारची ओढली.

"आई गं!" कारखानदार टुणकन उडाले. पट्टीला केसांचा झुपका आला होता. "ही बाजारातली! मी सही करून देतो!"

बाईंनी दुसऱ्या पट्टीकडे हात नेला. कारखानदारांनी डोळे मिटले, दात आवळले, मान फिरवली. समिती पुढे झुकून बघत होती. बराच वेळ गेला.

"काढा की एकदाची," ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले.

"काढली," बाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. हाताकडे पाहिलं, बाईंच्या बोटांतल्या पट्टीकडे पाहिलं. या वेळी ते हसले नाहीत. जागेवर जाऊन बसले आणि समोरचा गुणांचा कागद त्यांनी दूर सारला.

बाहेर बाकावर सहायक पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझ्यामुळे गेलं, बाई. माझ्यामुळे." बाई त्याला गप्प करत होत्या. संध्याकाळी अध्यक्षबाईंनी दारात उभं राहून मंजूर झालेली कामं वाचून दाखवली. दुसरं बाईंचं होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला. सहायक कपाटाची चावी हातात धरून वेड्यासारखा हसत सुटला. बाईंनाही हसू आवरेना. इतकं हलकं त्यांना आई गेल्यापासून वाटलं नव्हतं.

जिन्यात कारखानदार थांबले होते.

"बाई, मी तुम्हाला गुण दिले नाहीत."

"का हो?"

"माझी बायको वर्षभर अंथरुणावर आहे. रोज पट्टी बदलावी लागते. पट्ट्यांचं कपाट उघडल्याचा आवाज आला तरी रडते ती. तुमची पट्टी निघाली आणि मला कळलंच नाही, तेव्हाच म्हटलं, आता आपण निकाल देण्याच्या लायकीचे राहिलो नाही. बाजूला झालो. तेव्हा मिळालं ते तुमचं तुम्ही मिळवलंत." ते घुटमळले. "तिच्यासाठी दोन-चार पट्ट्या द्याल?"

डबाच त्यांच्या हातात द्यावा असं बाईंना वाटलं. "नाही देता येणार," त्या म्हणाल्या. "आजारी कातडीवर अजून लावायची नाही. त्याच चाचण्या करायच्यात या पैशातून."

"किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं तरी."

कारखानदारांनी मान डोलावली. "तेवढी ती थांबायची नाही."

बाईंनी डबा नुसता घट्ट धरला. मग कारखानदारांनीच बाहीचं बटण काढलं.

"माझी कातडी धडधाकट आहे ना? मग इथे लावा एक. घरी गेलो की तिला म्हणतो, काढ. वर्षभर सगळे तिच्याच ओढताहेत. एकदा तिला ओढू दे आणि बघू दे, मी ओरडतो का ते."

बाईंनी डब्यातून नऊची पट्टी काढली, त्यांच्या मनगटावर लावली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला.

"नीट बसली?" त्यांनी विचारलं.

"बसली."

कारखानदारांनी बाही हळूच खाली ओढली, बटण लावलं आणि तो हात अंगापासून जरा दूर धरून ते जिना उतरू लागले.