दूताचं पाणी

दूत धावत रंगमंचावर आला, खांबाला टेकला आणि म्हणाला, "राणी गेली."

विंगेत संहिता घेऊन बसलेल्या मुलीचं बोट ओळीवरच थांबलं. हे वाक्य पुढच्या पानाच्या तळाशी होतं.

"अहो, दार उघडायच्या आधीच मारलंत की हो तिला!" सिंहासनावरून राजा म्हणाला. "आता मी रडू कधी आणि घरी जाऊ कधी?"

फारसं कोणी हसलं नाही. या आठवड्यात राणी रोजच अशी अवेळी मरत होती.

दिग्दर्शकाने चहाची सुट्टी दिली आणि मुलीला बाजूला घेतलं.

"राणीचं मरण प्रेक्षकांना दिसत नाही. दूत सांगेल तेवढंच त्यांना कळतं. तेच हातचं जातंय." त्याने डोळे चोळले. "उद्यापासून दुसरा नट येतोय. तुझे वडील आहेत, तूच सांग बाई. माझी जीभ रेटत नाही."

वडील रंगपटात आरशासमोर वाकून चपलेच्या वाद्या सोडत होते. मुलगी दारातच थबकली. दूताची कामं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. वाईट बातमी आणणारा आधी पाणी मागतो, ते सांगत. मग तो कुठे उभा होता, काय ऐकलं, दार कसं होतं, हे सांगतो. तेवढ्यात ऐकणाऱ्याला कळून चुकतं. कळणं आणि ऐकणं यांत थोडी जागा ठेवावी लागते. शेवटचं वाक्य मग नुसतं उरकायचं असतं. घरीही त्यांची हीच तऱ्हा. आई वैतागायची, "अहो, दूध नासलं एवढंच सांगा ना!"

"झाला का चहा?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो."

तिने चौकटीला हात टेकला.

"बाबा, जरा पाणी देता?"

वाद्यांवरचे हात थांबले. त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले, एका पायात चप्पल तशीच ठेवून तांब्यापर्यंत गेले, पेला भरून तिच्या हातात दिला आणि स्टूल पुढे ओढलं.

"सावकाश पी."

ती प्यायली. पेला रिकामा झाला तरी तिने तो खाली ठेवला नाही.

"हं," ते समोर बसत म्हणाले. "कुठे उभी होतीस?"

"विंगेत. पडद्याच्या दोरीपाशी."

"बरोबर कोण?"

"दिग्दर्शक. चहा हातात होता त्यांच्या, पण प्यायले नाहीत. डोळे चोळत होते. मला म्हणाले..."

पेल्याच्या काठावरून तिचं बोट नुसतं फिरत राहिलं.

ते थोडे पुढे झुकले आणि विंगेतून शब्द द्यावा तशा दबक्या आवाजात म्हणाले,

"उद्यापासून..."