कोऱ्या बाटलीतलं औषध

प्रयोगशाळेत जिला सगळे धाकटी म्हणायचे, तिचा पाणी गाळायचा पडदा दिसायला साध्या टिपकागदासारखा होता. त्यापायी तिचं दीड वर्ष गेलंय, हे सांगून कुणाला पटलं नसतं. सुईच्या टोकातून सुटणारा, केसाहून शेकडो पट बारीक धागा फिरत्या रुळावर गोळा करायचा, की झाला पडदा. लोकांनी गिळलेली औषधं शेवटी गटारातच जातात. ती औषधं हा पडदा पाण्यातून धरून ठेवायचा. तापाची, झोपेची, रक्तदाबाची, सगळी धरायचा. सांधेदुखीचं औषध तेवढं थोडं निसटायचं. रोज, जवळपास तेवढंच.

शुक्रवारी समिती बसणार होती. पडदा इस्पितळाच्या सांडपाण्याला लावायचा की काम गुंडाळायचं, ते तिथे ठरणार होतं. ते सांडपाणी ज्या नदीला मिळायचं, तिचंच पाणी अर्ध्या शहराच्या नळाला येत होतं. धाकटीने जंग जंग पछाडलं. धागा आणखी बारीक केला, पडदा दुहेरी केला, तिहेरी केला. आकडा ढिम्म हलला नाही.

"तुझा पडदा संधिवाताला घाबरतो बघ," मशीनवाले काका चिडवायचे.

काका तपासणीचं मशीन सांभाळायचे. रोज गाळलेल्या पाण्याच्या नमुन्यांबरोबर एक कोरी बाटली मशीनला लागायची, नुसत्या शुद्ध पाण्याची. मशीन खरं बोलतंय ना, ते तिच्यावरून कळायचं. कोरी बाटली काकांनी भरायची, नमुन्यांच्या धाकटीने, ही पहिल्या दिवसापासूनची वाटणी. आणि कोरी बाटली नेहमी कोरीच निघायची.

गुरुवारी काका दाढ काढायला गेले. कोरी बाटली धाकटीनेच भरली. मशीनने त्यात सांधेदुखीचं औषध दाखवलं, रोज नमुन्यात दिसायचं तेवढंच.

आधी तिने मशीनला शिव्या घातल्या. दुसरी बाटली भरली. तेच. मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसली.

रोज सकाळी निघण्याआधी ती आईच्या गुडघ्यांना सांधेदुखीचं मलम चोळायची. त्याशिवाय आईला न्हाणीघरापर्यंतही चालवत नसे. मग साबणाने हात धुवायचे आणि पळत सुटायचं. प्रयोगशाळेत त्याच हातांनी हातमोजे चढवायचे, बोटं ओढून ओढून. दीड वर्ष पडदा औषध धरत होता आणि ही बाई ते आपल्या हाताने परत बाटलीत घालत होती! एवढी शिकलेली, आणि हे सुचू नये? तिला स्वतःचा भयंकर राग आला.

विभागप्रमुख बाईंनी सगळं ऐकून डोक्याला हात लावला.

"पुन्हा करायला किती दिवस?"

"नवा पडदा चार दिवस. तपासणी दोन."

"समिती उद्या अकराला आहे गं."

शुक्रवारी सकाळी धाकटीने मोजे घालूनच मलम लावलं. आता त्याने काही बदलणार नव्हतं, तरी घातले. आईने पाय मागे घेतला.

"माझी किळस यायला लागली का गं तुला?"

"नाही गं आई. कामासाठी आहे."

"बरं," आई म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली.

समितीत बाईंनी खरं तेच सांगितलं. एका सदस्याने शांतपणे विचारलं, "मग तुमचे बाकीचे आकडे तरी कशावरून खरे धरायचे?" बाईंनी समोरची फाईल मिटली. धाकटी भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती. पडदा चांगला आहे हे तिला आता पक्कं ठाऊक होतं, आणि ते दाखवायला हातात काहीही नव्हतं. दहा मिनिटांत काम गुंडाळलं गेलं.

बाहेर काका उभे होते, गाल सुजलेला.

"मेल्या दाढेला आठवडाभर आधी दुखायला काय झालं होतं?" एवढंच ते कसेबसे म्हणाले. धाकटीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

शनिवारी सकाळी ती मलमाची नळी घेऊन आईपाशी बसली.

"आज मोजे नाहीत?"

"आता नाही लागायचे."

आईचा चेहरा खुलला. तिने दोन्ही पाय लांब केले, डोळे मिटले.

"बरं झालं बाई. तुझ्या हाताची ऊब लागली की जरा तरी आराम पडतो."

धाकटी चोळत राहिली. आज कुठे पळायचं नव्हतं, म्हणून बराच वेळ चोळलं. मग उठून तिने मोरीत साबणाने हात धुतले, दोनदा, आणि सगळा फेस जाळीतून खाली उतरेपर्यंत नळ सोडून बघत राहिली.