टाचा कोण पाहतो?

मित्रांनो, मी एक जुना सागवानी गज आहे. जवळ या, पण आधी सरळ उभे राहा. अंग चोरून उभ्या राहणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. तसा तो कोणावरच फारसा बसत नाही, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. गज म्हणजे हत्ती नव्हे, मापाचा दांडा. पुरुषभर उंचीची पट्टी, तिच्यावर कोरलेल्या रेघा आणि वरखाली सरकणारा एक आडवा हात, एवढाच माझा देह. माझ्या छातीवर एक पितळी खिळा होता. माझी सारी कथा त्या खिळ्याभोवतीच फिरते.

मला घडवले औरंगाबादच्या छावणीतल्या एका सुताराने. तेव्हा निजामाचे राज्य होते. मी रिसाल्याच्या, म्हणजे घोडदळाच्या, तबेल्यात घोड्यांची उंची मोजत असे. माझा आडवा हात घोड्याच्या खांद्यावर टेकवायचा आणि तो पितळी खिळ्याच्या खाली आला, तर घोडा नापास. नियम सोपा होता, पण घोड्यांचे सौदागर सोपे नव्हते. कोणी टापांना दुहेरी नाल ठोकून आणी, कोणी पुढच्या टापांखाली हळूच माती सारी. बुटक्या तट्टाला उंच करून विकण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यामुळे समोर कोणीही आले की आधी पायाकडे पाहायचे, ही सवय मला तबेल्यातच लागली. संशयी म्हणाल तर म्हणा. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते.

मग पोलिस ॲक्शन झाली. राज्य गेले, रिसाला गेला, घोडेही गेले. तबेल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात खोगिरे, बादल्या, घंगाळी आणि मी. मला एका बाईने उचलले, तेव्हा मला वाटले की आता वाळवणाच्या दोरीला टेकू म्हणून माझे दिवस जाणार.

त्या बाई म्हणजे द्वारकाबाई. खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी त्यांनी शहरात नवे बोर्डिंग काढले होते. तिथे शिरायच्या वाटा तीन होत्या. पहिली वाट पाचवीची. वय दहा ते बारा, थोडे वाचन-लेखन आणि तोंडी हिशेब आला पाहिजे. दुसरी वाट आठवीची, बाहेरून सातवी पास होऊन आलेल्या मुलींसाठी. तिसरी वाट अनाथ मुलींची. तिला परीक्षा नव्हती, गावच्या चार माणसांचा शब्द पुरे होता. या तिसऱ्या वाटेने इतक्या मुली येऊ लागल्या की मी थक्क झालो. अनाथ म्हणून मुलगी आत रडत असे आणि तिचा बाप फाटकाबाहेर विडी ओढत उभा असे.

पाचवीच्या वाटेवर वयाचा घोळ होता. जन्माची नोंद असलीच तर उर्दूत आणि निजामी फसली सनात. ती वाचणारे एक वर्ष सांगत, हिशेब लावणारे दुसरेच सांगत. रझाकारांच्या धामधुमीत कित्येक मुलींची वर्षे वाया गेली होती. त्यामुळे चौदाची मुलगी अकराची म्हणून उभी केली जाई. द्वारकाबाई म्हणत, "कागद खोटं बोलतो, माणूस खोटं बोलतो. हाडं खोटं बोलत नाहीत." म्हणून त्यांनी मला व्हरांड्यात भिंतीला ठोकले. पितळी खिळ्याच्या वर डोके गेले, तर मुलगी बाराच्या पुढची. पाहा कसा उलटा न्याय! ज्या खिळ्याच्या खाली घोडा नापास होत असे, त्याच खिळ्याच्या वर आता मुलगी नापास होऊ लागली.

लबाड्याही उलटल्या. आता कोणी उंच होईना, सगळ्या बुटक्या होऊ लागल्या. परकराच्या आत गुडघे वाकत, माना खांद्यात शिरत. एका आईने तर मुलीचे केसच भादरून आणले होते. द्वारकाबाई काही कमी नव्हत्या. प्रत्येक मुलीच्या गुडघ्यावर त्या हाताने थाप मारत आणि म्हणत, "ताठ." त्या गुडघे पाहत, फक्त गुडघे. टाचांकडे पाहण्याचे कारणच त्यांना कधी पडले नव्हते.

अशाच एका जूनच्या तोंडावर फाटकाशी घोडा खिंकाळला. किती वर्षांनी तो आवाज ऐकला! एक ठेंगणे तट्टू होते, रिसाल्यात कधीच पास झाले नसते, पण मला ते राजाच्या घोड्याहून देखणे वाटले. त्याच्या पाठीवर गुंडाळलेले राहायचे पाल, भांडीकुंडी, घोंगड्या आणि पाय बांधलेली एक कोंबडी होती. त्याला धरून सोनाजी नावाचा मेंढपाळ आला होता. सोबत त्याच्या दोन मुली होत्या, थोरली सुगंधा आणि धाकटी सखू.

"मुली दोन दिसतात," द्वारकाबाई म्हणाल्या. "दवंडीत काय सांगितलं होतं?"

"घरटी एक, बाई."

"मग दोन कशाला आणल्या?"

"जी बसंल ती ठिवा," सोनाजी म्हणाला. "शेंद्र्याच्या शिवारात मेंढरं बसवली हायत. पाऊस लागायच्या आत सोयगावाकडं सरकायचंय. दुसरी येईल मेंढरांमागं. थोरली माघारी आली तर दिवाळी झाली की तिचं लगीन उरकून टाकू. पाव्हणे बघून गेलेत."

मला लगेच संशय आला. दोन घोडी आणून एक विकणारा सौदागर नेहमी वाईट घोडी आधी पुढे करतो. पण सोनाजीने दोघींना एकदमच पुढे ढकलले आणि तो पायरीवर बसला. धाकटीने थोरलीची बोटे घट्ट धरली होती.

वाचन झाले, लेखन झाले, हिशेब झाला. दोघी पास झाल्या. सुगंधा एका पावसाळ्यात सोयगावच्या शाळेत बसली होती. पुढे मेंढरांमागे हिंडताना तिने धुळीत काठीने अक्षरे काढून धाकटीला शिकवली होती. दोघींचा 'क्ष' सारखाच उलटा होता, म्हणून द्वारकाबाईंना आधी कॉपीचा संशय आला.

"दोघी सारख्याच आहेत," त्या म्हणाल्या. "तर मग थोरलीला आधी. तिचं वय निघून चाललंय."

"अन् सखू फुडल्या साली?" सुगंधाने विचारले.

"नाही. एका घरची एक घेतली की पुन्हा त्या घरची दुसरी घेत नाही. चल, उभी राहा गजाला."

सुगंधा माझ्याकडे आली. बोर्डिंगात कामाला असलेल्या दगडाबाईने सकाळीच व्हरांडा शेणाने सारवला होता. आभाळ दाटलेले असल्याने तो वाळला नव्हता. सुगंधाने पाठ मला टेकवली. मी सवयीने पायाकडे पाहिले आणि चमकलो. परकराच्या घेरात तिच्या टाचा हळूहळू वर उचलल्या जात होत्या.

अरे, हे तर तबेल्यातले कसब! पण इथे? इथे वर जाणारी मुलगी नापास होते, हे हिला कोणी सांगितले नाही की काय? माझा तर्क धावू लागला. हिला शिकायचे नसेल. हिला लग्नाची घाई असेल. नाहीतर बापानेच पढवून आणली असेल. वाईट ते सगळे मी मनात आणून पाहिले. आणि मग मला तिचा हात दिसला. तो मागून धाकटीच्या पाठीवर होता आणि तिला हळूच पुढे लोटत होता.

द्वारकाबाईंनी गुडघ्यांवर थाप मारली. गुडघे तर बाभळीच्या खुंटासारखे ताठ होते. आडवा हात खाली आला आणि पितळी खिळ्याच्या बोटभर वर टेकला.

"बाराच्या पुढची आहे. बसत नाही."

"बाई, आवंदा बारावं लागलंय तिला," सोनाजी उठून म्हणाला. "म्या बाप हाय तिचा."

"सगळे बापच असतात. हाडं खोटं बोलत नाहीत, सोनाजी. धाकटीला ठेवते."

मित्रांनो, तेव्हा मला माझ्या मुकेपणाचा फार राग आला. हाडे किती सफाईने खोटे बोलतात, हे त्या व्हरांड्यात मला एकट्यालाच माहीत होते. सुगंधाने धाकटीचा परकर नीट केला, तिच्या डोळ्यांवर आलेले केस मागे सारले आणि एकदाही मागे न पाहता ती बापाबरोबर फाटकाकडे चालू लागली. सखू खांबाला धरून उभी राहिली.

इतक्यात दगडाबाई आली. बोर्डिंगचे झाडणे-सारवणे तिच्याकडे होते आणि तोंडही तिच्याकडेच होते.

"आत्ताच सारवलं व्हतं म्या. बगा, बाई, कोन नाचलं हितं? पाऊल टाकायचं तर धड टाकावं मानसानं. नुस्ती बोटंच उमटवून ठिवली."

द्वारकाबाईंनी सहज खाली पाहिले. मग त्या वाकल्या. ओल्या शेणात पाचपाच बोटे आणि चवड्याचा पुढचा भाग खोल रुतला होता. टाचेचा मागमूस नव्हता.

"सखू, तुझी बहीण लंगडते का गं?"

"नाय."

"मग तिची टाच कुठं आहे?"

सखूने फाटकाकडे पाहिले. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागले. द्वारकाबाई अंगणात धावल्या. त्यांना धावताना बोर्डिंगात कोणी पाहिले नव्हते.

सुगंधाला परत आणून माझ्यापुढे उभे केले. या वेळी द्वारकाबाई खालीच बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या टाचा जमिनीवर दाबून धरल्या. आडवा हात दगडाबाईने सोडला. तो पितळी खिळ्याच्या खाली आला.

"खोटं का बोललीस?"

"म्या कुठं बोलले? म्या नुस्ती उभी व्हते."

"का उभी राहिलीस अशी?"

सुगंधाने सखूकडे पाहिले. मग म्हणाली, "सखू लांडग्याला लई भिती. कुत्रं भुंकलं तरी रातभर झोपत नाय. मेंढरांमागं तिचं कसं व्हईल? मला जमतं."

मी आजवर किती लबाड्या पाहिल्या, पण स्वतः हरण्यासाठी केलेली लबाडी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या सागवानी काळजात काहीतरी हलले. द्वारकाबाईंनी पदराने चष्मा पुसला. पण नियम तो नियम. त्या म्हणाल्या, "आता माप खरं झालं. थोरली बसते. सखूला परत न्यावं लागेल, सोनाजी. घरटी एक."

सोनाजीने मुंडासे काढून डोके खाजवले. "बाई, एक इचारू का? घरटी एक म्हंजी घरामागं एक, व्हय ना?"

"हो."

"मंग आमचा हिशेब कसा लावता? आमाला घर कुठं हाय? आमचं पाल हाय, अन् ते त्या घोड्यावर हाय. पालाटी किती, ते दवंडीत नाय आलं."

द्वारकाबाई त्याच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. हा माणूस भोळा की बेरकी? मीही त्याच विचारात पडलो होतो आणि इतकी वर्षे झाली तरी मला त्याचे उत्तर सापडलेले नाही. द्वारकाबाई स्वतः फाटकापर्यंत गेल्या. त्यांनी तट्टाच्या पाठीवरचे पाल चाचपून पाहिले, बांबू पाहिले, कोंबडीसुद्धा पाहिली. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेच्या वेळी असायचा तसाच कडक होता.

"दगडाबाई, दोन ताटं वाढवा," त्या म्हणाल्या. "नियम घराचा आहे. घोड्याचा नाही."

"बाई, पर मेंढरांमागं आता कोन?" सुगंधाने बापाकडे पाहत विचारले.

"म्या हाय, तुजी माय हाय," सोनाजी म्हणाला. "आन् पाव्हण्यांना सांगतो, पोरगी मापात बसली." मग तो घाईघाईने तट्टाची दोरी सोडू लागला. गाठ साधीच होती, तरी त्याला ती लवकर सुटेना.

पुढे सखू दोन वर्षे दिव्याजवळच झोपत होती. सुगंधा मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली आणि द्वारकाबाई थकल्यावर त्याच बोर्डिंगची मोठी बाई झाली. पहिल्याच जूनमध्ये तिने पकड आणली आणि माझ्या छातीवरचा पितळी खिळा उपटून काढला. "मुलीला उशीर झाला, ती काही तिची चूक नाही," एवढेच ती दगडाबाईला म्हणाली. खिळा निघताना दुखले. पण खोटे कशाला सांगू, बरे वाटले.

आता जन्माचे दाखले निघतात, प्रवेश कचेरीतून होतात. मी कोठीच्या दाराआड उभा आहे. माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात, खालून वाळवी चढते आहे आणि झाडू ठेवायला येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मी संशयाने पाहतो, की हा मला चुलीत तर घालणार नाही ना? मित्रांनो, जमले तर मला थोडे तेल लावा आणि उन्हात ठेवा. नाही जमले तरी माझी तक्रार नाही, पण एवढे ऐकून जा. तुमच्यापुढे कोणी मापाला उभे राहिले आणि कमी पडले, नाहीतर जास्त झाले, तर लगेच निकाल देऊ नका. एकदा खाली वाका आणि त्याच्या टाचा पाहा.