कोब्याखालची माती

मुकुंदवाडीतल्या त्या अंगणवाडीमागं एक मांडव मावेल एवढी मोकळी जागा होती. पोरं तिथं मेथी पेरायची, मुंग्यांच्या रांगेमागं रांगायची. चार वर्षांची आमरीन माणसांपुढं तोंड उघडायची नाही. पण माती उकरून गांडुळांशी तिच्या गुजगोष्टी चालायच्या. हळूहळू घरीही त्यांच्या गमती सांगू लागली होती.

आणि अंगणवाडीच्या आवडाबाईंनीच ती जागा हरिनाम सप्ताहाला देऊन टाकली. कीर्तन म्हणजे बाईंचा जीव की प्राण. सप्ताहाचे काकासाहेब म्हणाले, "श्रोत्यांनी काय चिखलात बसायचं?" बाई म्हणाल्या, "घाला की सिमेंटचा कोबा. देवाचं काम हाय." सात दिवस बाई टाळमृदंगात न्हाऊन निघाल्या.

महिन्यानं आमरीनची आई, राहत, दारात आली. "बाई, पोरगी फिरसे गुमसुम झाली. घरी बी एक शब्द नाय. तुम्ही रागावला का तिला?"

"मी कशाला? त्या लोकांनी कोबा घातला ना, तवापासून. आपलं काय चालतंय त्यांच्यापुढं?"

राहत मान डोलावून गेली. पण सांजच्याला हरिपाठाला बसल्यावर बाईंनी टाळ खाली ठेवले. ज्या नावासाठी आपण तोंड उघडतो, त्याच नावापायी लेकराचं तोंड मिटवलं, आणि वर पाप दुसऱ्याच्या माथी!

सकाळी बाई आधी राहतच्या घरी गेल्या. "खोटं बोलले गं. मीच 'घाला' म्हणले होते." राहत चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "चाय घेऊन जा, बाई."

मग काकासाहेबांकडं कोबा फोडायला पहार मागितली. "अहो, पुढच्या सप्त्याला माणसं बसतील कुठं?"

"मी उभ्यानं ऐकीन."

"तुम्ही ऐकाल हो. गुडघे धरून येणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय?" असं पुटपुटत का होईना, त्यांनी पहार दिली.

दुपारपर्यंत एक कोपरा फुटला. खालची माती विटेसारखी टणक. आमरीन जवळ आली, बोटानं टोकरून पाहिलं.

"कुठं गेली गांडुळं?"

बाईंच्या हातातली पहार थांबली. "मीच दडपली गं ती, बाळा."

"का?"

कीर्तनातला दृष्टान्त न् दृष्टान्त बाईंना पाठ होता. पण त्या पहार टाकून खाली बसल्या आणि हातानंच ढेकळं फोडू लागल्या.